निष्क्रिय प्लगइनांची अडगळ

वाचकहो, आपल्या दुकानाचे वा संस्थेचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल, तर त्यातील वापरात नसलेल्या प्लगइनांकडे जरा लक्ष द्यावे. प्लगइन निष्क्रिय केले म्हणजे धोका टळला, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. त्याच्या फायली सर्व्हरवर तशाच राहतात, आणि त्यांतील एखादी थेट पत्त्याने चालविता येत असेल, तर चोरास दार मोकळेच! सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाईल मॅनेजर’ नामक प्लगइनात असेच छिद्र आढळले. संकेतशब्द ठाऊक नसतानाही परक्यांना त्यातून आपल्या फायली सर्व्हरवर चढविता येत. ६.९ या आवृत्तीत ते बुजविण्यात आले. परंतु निष्क्रिय प्लगइन अद्ययावत करण्याची आठवण कोणास राहते?

म्हणून नको असलेले प्लगइन काढूनच टाकावे. तत्पूर्वी डेटाबेससह संपूर्ण बॅकअप मात्र अवश्य घ्यावा. कारण काही प्लगइन जाताना ग्राहकांच्या नोंदीही पुसून टाकतात, तर काही सारा पसारा मागे ठेवून जातात. विकत घेतलेल्या प्लगइनाची झिप फाईल व परवान्याची किल्ली घरच्या संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवर जपावी, सर्व्हरवर नव्हे. पुन्हा बसविण्याची वेळ आलीच, तर नवी आवृत्ती मिळते का, हे आधी पाहावे.