पाडव्याच्या आत एवढं कराच!



होळी होऊन चार दिवस झाले नाहीत, तोच पुण्यात दुपारी रस्ते ओस पडू लागलेत. एप्रिल-मे अजून यायचाय. म्हणून आजच, हात जोडून ही विनंती करतो आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या इमारतीमागच्या बोळात इस्त्रीवाल्या मावशींची टपरी आहे. कोळशाची जड इस्त्री, डोक्यावर तापलेला पत्रा. दुपारी तीनला कपडे द्यायला गेलो, तर पाठीवर भट्टीसारखी झळ आली. वर पाहिलं. भिंतीवर ओळीनं एसीची नऊ यंत्रं घरघरत होती आणि नवांची गरम हवा टपरीवर येत होती. त्यातलं तिसरं यंत्र माझं. घरात मी ते १८ वर लावून आलो होतो. मावशी पदरानं मान पुसत एवढंच म्हणाल्या, "सर, समोरून ऊन अन् पाठीमागून तुमची मशिनं. आम्ही जायचं कुठं?"

३४ वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला. पण मावशींना उत्तर देता आलं नाही.

हवामानबदलाबद्दलच्या शंका मी कट्ट्यावर रोज ऐकतो. त्या विचारणारी माणसं वाईट नाहीत, माझे मित्रच आहेत. म्हणून त्यांना सरळ उत्तर देतो.

"उन्हाळा म्हटलं की ऊन असणारच." १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानात जाहीर सोहळा होता, तेव्हा पारा ३८च्या आसपास होता. नागपूर-चंद्रपूरकरांना हा आकडा किरकोळ वाटेल. तरीही त्या दिवसाच्या उन्हानं १४ माणसांचा जीव घेतला. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. त्याच एप्रिलमध्ये भारत-बांगलादेशात आलेल्या दमट उष्णतेच्या लाटेचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. पृथ्वी तापल्यामुळे अशी लाट येण्याची शक्यता किमान ३० पटींनी वाढली आहे, असं त्यात दिसलं.

"हवामान बदलतच असतं, हिमयुगंही आली नि गेली." खरं आहे. पण शेवटचं हिमयुग ओसरताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, त्याला हजारो वर्षं लागली. आपण दीडशे वर्षांत एका अंशाच्या पुढे गेलो आहोत आणि २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.

"सूर्यच जास्त तापलाय." तसं असतं, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचं स्थितांबर थंड होत आहे. गोधडी जाड झाली की ऊब आतच कोंडते, तसं हे आहे. ही गोधडी कार्बन डायऑक्साइडची. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे २८० भाग होते, आज ४२०हून जास्त आहेत. ही भर कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आणि जंगलं तोडून आपणच घातली.

"पाऊस पूर्वीही वेडावाकडा पडायचा." पडायचा, आणि एका वर्षाच्या पावसावरून निष्कर्ष काढू नये, हे मीच वर्गात सांगायचो. पण आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या. महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं त्यांना आढळलं. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. मग ढग रिता होतो तो एकदमच.

उरली शेवटची शंका, आणि हीच सगळ्यांत मोठी: "माझ्या एकट्यानं काय होणार?" अमेरिकेतला माणूस सरासरी भारतीयाच्या कित्येक पट कार्बन हवेत सोडतो, हे मला मान्य आहे. सरकारं आणि कारखाने बदलल्याशिवाय भागणार नाही, हेही मान्य. पण श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाच्या हुकमानं लोकांनी पोरं-वासरं उपाशी ठेवून दूध ओतलं, तरी महादेवाचा गाभारा भरला नाही. एका म्हातारीनं आधी घरादाराला, गाईवासरांना तृप्त केलं, मग उरलेलं खुलभर दूध नेलं, आणि गाभारा भरला. मी कुणालाही उपाशी राहा म्हणत नाही. मावशींनी पंखा बंद करावा, असं तर मुळीच नाही. ज्यांच्या घरी उतू जातंय, त्यांनी तेवढं आवरावं.

पाडव्याच्या आत या गोष्टी करा:

१. एसी २६वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. आपली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. इथं बटण दाबलं की तिथं कोळसा जळतो.

२. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा ३०-३५. पंखा बदलायची वेळ आली की हाच घ्या.

३. ओला कचरा सोसायटीतच जिरवा. डेपोच्या ढिगात तो हवेवाचून कुजतो आणि मिथेन सोडतो. कुजणाऱ्या ढिगाचा वास काय असतो, ते कचरा डेपोशेजारच्या उरुळी-फुरसुंगीकरांना विचारा. पालापाचोळा जाळू नका.

४. पाय धड असतील, तर दोन किलोमीटरच्या आत गाडीची किल्ली उचलू नका. आठवड्यातून दोन दिवस तरी बसनं किंवा मेट्रोनं जा.

५. गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. वरच्या मजल्यावरच्या घरांचा स्लॅब कमी तापेल.

६. दुपारी १२ ते ४ गवंडी, पार्सलवाले, सफाई कामगार यांच्यासाठी फाटकाशी माठ आणि सावली ठेवा.

७. मत मागायला येणाऱ्याला विचारा: आमच्या वॉर्डात बस किती वाढवणार, झाडं किती जगवणार?

आमच्या सोसायटीत तीन बैठका झाल्या. नवांपैकी सहा घरांनी यंत्रं गच्चीवर हलवली, माझंही हलवलं. उरलेले तिघं अजून म्हणतात, असल्यानं काही होत नसतं. त्यांच्याशी मी भांडत नाही. येत्या रविवारी दुपारी तीनला त्यांना माझ्यासोबत टपरीपर्यंत यायला सांगितलंय.

तुम्हीही या रविवारी तीनला खाली उतरा. आपल्या यंत्राच्या तोंडासमोर कोण उभं आहे ते पाहा, दोन मिनिटं त्यांच्याशेजारी थांबा, आणि मग वर जाऊन रिमोट हातात घ्या.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, पुणे