सरासरीचा दिलासा आणि मानेतील गाठ

अर्थशास्त्राच्या वर्गात सरासरी शिकविताना एक सूचना द्यावी लागते. दरडोई उत्पन्नाचा आकडा वाढला म्हणजे भूमिहीन मजुराच्या घरी धान्य आले, असे सिद्ध होत नाही. डोके व मान यांच्या कर्करोगाविषयी जे आशादायक आकडे अलीकडे आपल्या वाचनात येतात, त्यांच्या बाबतीत ही सूचना अधिकच गांभीर्याने घ्यावयास हवी.

मुळात हा एक रोग नव्हे. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या भागांतील कर्करोग, विशेषतः पाश्चात्त्य देशांत, पुष्कळदा ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूमुळे होतो. गाल, हिरडी व जिभेचा पुढचा भाग येथील कर्करोग मात्र मुख्यत्वे तंबाखूचे अपत्य आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात घशाच्या कर्करोगाच्या विषाणुजन्य रुग्णांपैकी शेकडा ८२ तीन वर्षांनंतर हयात होते. विषाणूचा संबंध नसलेल्यांपैकी ५७. हा फरक इतका मोठा की, २०१८ पासून अमेरिकेत अशा रुग्णांसाठी टप्प्यांचे कोष्टकच वेगळे करण्यात आले. मानेत गाठी आल्यामुळे पूर्वी जो रुग्ण चौथ्या टप्प्यात गणला जाई, तो आता पहिल्या टप्प्यातही बसू शकतो.

परंतु विषाणू म्हणजे अभयपत्र नव्हे. त्याच अभ्यासात विषाणुजन्य रुग्णांपैकी धूम्रपान थोडे, किंवा मानेत प्रसार कमी, अशांच्या गटात हे प्रमाण ९३ होते. दीर्घकाळ धूम्रपान आणि मानेत अधिक प्रसार या दोन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांच्या गटात ते ७१ वर आले. रोग सौम्य, तेव्हा औषधही सौम्य चालेल, या समजुतीने सिस्प्लॅटिनऐवजी सेटक्झिमॅब देऊन पाहणाऱ्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ साली बाहेर आले. दोन्हींत नव्या औषधाचे रुग्ण अधिक दगावले.

आता आपल्याकडे वळू. आपला रुग्ण बहुधा तोंडाच्या कर्करोगाचा असतो, आणि त्याच्या बाबतीत विषाणूची चाचणी ना दिलासा देते, ना उपचार बदलते. त्याचे भवितव्य ठरते ते रोग मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला की नाही यावर. पोहोचला, तर जगण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्यावर येते. ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर पडला, तर त्याहूनही खाली. शिवाय हा प्रसार हाताला लागतोच असे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तोंडाच्या कर्करोगाचे आरंभीच्या अवस्थेतील, मानेत गाठ न लागणारे रुग्ण घेतले होते. निम्म्यांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, उरलेल्यांच्या गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातील ६७.५. वाट पाहण्याची किंमत यापेक्षा स्पष्टपणे कोणी मांडली असेल असे वाटत नाही.

ही वाट रुग्ण हौसेने पाहत नाही. रोजंदारी बुडते, शहराचा प्रवास परवडत नाही, आणि व्रण दुखत नाही तोवर तो रोग वाटत नाही. मग मानेला गाठ आल्यावर घर विकून उपचार सुरू होतात. वास्तविक तोंडात डोकावण्यास टॉर्चपलीकडे फारसे काही लागत नाही. केरळमध्ये प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या नजरेने तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. तिशी उलटलेल्यांच्या अशा तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारनेही २०१६ साली काढली. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ साली बंदी घातली, तसेच हेही. कागदावर त्रुटी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दरमहा किती तोंडे पाहिली आणि किती रुग्ण पुढे पाठविले, हा आकडा तालुकावार जाहीर करण्यास सरकारला खर्च तो कितीसा?

तोवर ज्याच्या घरी बायॉप्सीचा अहवाल येईल, त्याने डॉक्टरांना आधी हे विचारावे: रोग नेमका कोठे उगम पावला, मानेत उतरला आहे का, आणि ग्रंथीचे आवरण शाबूत आहे का. विषाणूचा प्रश्न त्यानंतर, आणि तोही रोग टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा असेल तर.