समुद्राचा जमाखर्च



उरण-पेणच्या मिठागरात राबलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको, की पाणी आटले की खारटपणा वाढतो आणि पावसाचे पाणी शिरले की उतरतो. अख्ख्या समुद्राचा हिशेबही असाच आहे.

आपल्या अरबी समुद्रावर पाऊस पडतो त्यापेक्षा पाणी जास्त आटते. म्हणून १ किलो पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम क्षार सापडतात. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा येऊन मिळतात. पावसाळ्यानंतर त्याच्या उत्तर टोकाला वरच्या थरात हा आकडा ३० च्याही खाली जातो. या दोन खात्यांतली देवघेव श्रीलंकेच्या दक्षिणेकडून, विषुववृत्ताजवळच्या प्रवाहांतून चालते. हिवाळ्यात उपसागराचे कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपकडे येते.

त्याचे आपल्याला काय? हे हलके पाणी वर राहते, खालच्या थंड पाण्याला वर येऊ देत नाही आणि मे महिन्यापर्यंत तिथला समुद्र चांगलाच तापतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेणॉय, शंकर व शेट्ये या शास्त्रज्ञांनी १९९९ साली ही साखळी मांडली. या तापलेल्या पाण्याचा संबंध मान्सूनच्या आगमनाशी जोडला जातो. आणि आपल्या खारेपाटात पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाल्याशिवाय भात होत नाही!

हा हिशेब संगणकावर मांडतात, त्याला प्रारूप म्हणतात. समुद्राचे वरपासून तळापर्यंत असंख्य खण पाडायचे. प्रत्येक खणात आरंभीची शिल्लक, आवक, जावक लिहायची. पाण्याची, मिठाची आणि उष्णतेची. पण पावत्यांशिवाय वही खरी कशी ठरणार? पावत्या म्हणजे प्रत्यक्ष मोजमाप. ‘आर्गो’ नावाची तरंगती यंत्रे साधारण दर १० दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत खारटपणा व तापमान मोजतात. हिंदी महासागराची सरासरी खोली मात्र याच्या जवळपास दुप्पट! म्हणून गोव्याच्या संस्थेने २००० सालापासून विषुववृत्तावर तळाशी नांगरलेल्या दोरांवर प्रवाहमापक बसवले. तरीही खोल पाण्याच्या पावत्या अजून थोड्याच आहेत.

हे काम करायला गणित लागते, पदार्थविज्ञान लागते, आणि बोटीवर महिना-महिना काढायची तयारी लागते. मिठागरात पाण्याची ‘डिग्री’ मोजणाऱ्यांच्या घरात यातले निम्मे शिक्षण आधीच झालेले आहे. उरलेल्या निम्म्यासाठी दहावीनंतर मुलांचे, आणि विशेषतः मुलींचे, गणित सुटू देऊ नका.