गाडी अडली, पण सांगणार कोण आणि कोणत्या भाषेत?

रेल्वेगाडी वेळेवर धावत असते तेव्हा प्रवाशाला रेल्वेकडून फारसे काही ऐकायचे नसते. तिकिटावर गाडीचा क्रमांक असतो, डब्यावर डब्याचा असतो, स्थानक आले की पाटी दिसते. अक्षरओळख जेमतेम असलेला माणूसही एवढ्या खुणांवर मुक्काम गाठतो. पण वादळात, बर्फात, दाट धुक्यात किंवा दरड कोसळून गाडी मध्येच उभी राहिली की या सगळ्या खुणा निकामी होतात. गाडी का थांबली, किती वेळ थांबणार, पुढे जाणार की मागे फिरणार, उतरावे की बसून राहावे, हे कोणीतरी सांगावे लागते आणि ऐकणाऱ्याला ते समजावे लागते. आपल्या रेल्वेचे भाषाधोरण मात्र सुरळीत दिवसांसाठी आखलेले आहे. अडचणीच्या दिवसाचा विचार त्यात फारसा दिसत नाही. सीमाभागातील प्रवाशाच्या दृष्टीने हा प्रश्न पाटीवरच्या अक्षरांपेक्षा मोठा आहे.

बोगद्यातील रात्र

या प्रश्नाचे सर्वात बोलके उदाहरण युरोपातले आहे. १८ डिसेंबर २००९ च्या रात्री उत्तर फ्रान्समध्ये जोराची हिमवृष्टी झाली. लंडनकडे निघालेल्या युरोस्टार कंपनीच्या पाच गाड्या एकामागून एक खाडीखालच्या बोगद्यात बंद पडल्या. बर्फ पिठासारखा बारीक होता. तो इंजिनाच्या झरोक्यांतून आत शिरला आणि बोगद्याच्या उबदार हवेत वितळला. पाणी विजेच्या उपकरणांत गेले आणि इंजिने मुकी झाली. दोन हजारांहून अधिक प्रवासी रात्रभर अडकले. काही डब्यांत दिवे गेले, हवा खेळती राहिली नाही, लहान मुले आणि वृद्ध कासावीस झाले. त्यानंतर तीन दिवस ही सेवा बंद होती.

या घटनेची चौकशी एका ब्रिटिश आणि एका फ्रेंच तज्ज्ञाने केली. अहवाल फेब्रुवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळ्यासाठी इंजिनांची तयारी अपुरी होती, हा त्यातला एक ठपका. तितकाच गंभीर ठपका असा की, अशा प्रसंगी प्रवाशांना बाहेर काढण्याची आणि त्यांना काय चालले आहे ते सांगण्याची व्यवस्थाच धड नव्हती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या गाड्यांवर इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत घोषणा होतात. भाषांची वाण नव्हती. सांगण्याजोगे काही हाती नव्हते. म्हणजे भाषा ही दुसरी पायरी झाली. खरी माहिती वेळेवर मिळणे ही पहिली.

हप्त्याहप्त्याने होणारा उशीर

आपल्याकडे ही पहिली पायरी कशी निसटते ते ग्वाल्हेर, झाशी, आग्रा या पट्ट्यात दर हिवाळ्यात दिसते. डिसेंबर आणि जानेवारीत गंगा-यमुनेच्या मैदानावर धुके उतरते. सिग्नल दिसेनासा होतो. त्याच्या अलीकडे २७० मीटरवर रुळांवर फटाके लावून चालकाला सावध करण्याची जुनी पद्धत आहे. अलीकडे पुढचा सिग्नल किती दूर आहे हे उपग्रहाच्या साहाय्याने सांगणारी उपकरणेही इंजिनांत आली आहेत. तरीही वेग कमी ठेवावाच लागतो आणि गाड्या तासन् तास रखडतात. धुक्याच्या काळात काही गाड्या आधीच रद्द केल्या जातात, हे शहाणपणाचे आहे.

पण ज्या गाड्या धावतात त्यांचा उशीर हप्त्याहप्त्याने जाहीर होतो. आधी एक तास, मग दोन, मग साडेतीन. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांना हिंदी घरच्यासारखी येते. त्यांच्यापुढे भाषेची अडचण नाही. अडचण ही की, फलाटावर थांबावे की घरी परतावे हे ठरवण्याइतकी पक्की माहिती त्यांना मिळत नाही. उशीर तीन तासांहून अधिक झाला आणि प्रवास करायचा नसेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळू शकतात. मात्र त्यासाठीची कारवाई गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी करावी लागते. हे ज्याला कळले नाही, त्याचे पैसे बुडाले.

उलट बाजूचे उदाहरण तमिळनाडूचे. १७ डिसेंबर २०२३ रोजी तेथील दक्षिण जिल्ह्यांत अतोनात पाऊस कोसळला. कायलपट्टिणम येथे २४ तासांत सुमारे ९५ सेंटीमीटर पावसाची नोंद झाली. त्या रात्री तिरुचेंदूरहून चेन्नईला निघालेली गाडी श्रीवैकुंठम स्थानकात थांबवण्यात आली. पुढे रुळांखालची खडी वाहून गेली होती. गाडी पुढे सोडली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. सुमारे ८०० प्रवासी अडकले. त्यांतल्या काहींना जवळच्या शाळेत हलवण्यात आले, उरलेले स्थानकातच राहिले. १९ डिसेंबरला त्यांची सुटका झाली. तोवर सरकारी मदत पोहोचण्यास वेळ लागला, पण आसपासच्या गावकऱ्यांनी चूल पेटवून त्यांना जेवू घातले. हाल झालेच. परंतु स्थानकातला माणूस, गावातला माणूस आणि गाडीतला बहुसंख्य प्रवासी तमिळ बोलणारे होते. ‘पुढे रूळ नाहीत, गाडी जाणार नाही’ हे वाक्य समजण्यासाठी कोणालाही दुभाष्या शोधावा लागला नाही.

आपला घाट

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडे बर्फ नाही आणि हिवाळ्यात वादळही क्वचितच येते. आपले संकट पावसाळ्यातले आहे. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट देशातल्या अवघड रेल्वेमार्गांपैकी एक आहे. येथे चढ ३७ मीटरला एक मीटर इतका आहे. दरड कोसळणे, रुळांवर माती येणे हे येथे नवीन नाही.

जुलै २०२१ मधील प्रसंग आठवून पाहावा. चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला आणि कोकण रेल्वे बंद पडली. मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी मडगाव, लोंढा, मिरज अशी वळवण्यात आली. २३ जुलै रोजी दूधसागरच्या परिसरात दरड कोसळून तीच गाडी रुळांवरून घसरली. सुदैवाने कोणी दगावले नाही. प्रवाशांना दुसऱ्या डब्यांत घेऊन कुळ्याकडे परत आणण्यात आले.

या गाडीचा मार्ग नकाशावर बोट ठेवून पाहिला, तर भाषेचा प्रश्न आपोआप उलगडतो. गाडी निघाली ती दक्षिण रेल्वेच्या मंगळूरहून. मग कोकण रेल्वे. मडगावनंतर हुबळीचे मुख्यालय असलेली दक्षिण पश्चिम रेल्वे. घाट पार झाला असता तर मिरजेपासून मध्य रेल्वे. म्हणजे चार रेल्वे प्रशासने आणि कन्नड, कोकणी, मराठी अशा तीन भाषांचा मुलूख. ज्या प्रवाशाला रत्नागिरीला किंवा चिपळूणला उतरायचे, त्याचे स्थानक तर या नव्या मार्गावर नव्हतेच. अशा माणसाला कोणी काय सांगायचे? आणि आपल्या हद्दीत अचानक आलेल्या त्या प्रवाशाची भाषा कोणती, हे कोणत्या नियंत्रण कक्षाला ठाऊक असणार?

ठरावीक वाक्यांची घोषणा

स्थानकावरची घोषणा कशी तयार होते, हे समजून घेतले पाहिजे. गाडीचा क्रमांक, नाव, फलाट, उशिराचे तास आणि शेवटी दिलगिरी, असे तुकडे आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. यंत्र ते जोडून ऐकवते. राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांचा प्रघात त्यामुळे सहज पाळला जातो. पण ‘घाटात दरड कोसळली आहे, गाडी येथूनच परत फिरेल, पुढच्या प्रवासासाठी बस बाहेरच्या आवारात उभ्या आहेत’ असा मजकूर या ठरावीक तुकड्यांत कुठून असणार? मग कामावर असलेला कर्मचारी ध्वनिक्षेपक हाती घेतो आणि त्याला जी भाषा येते त्या भाषेत बोलतो. त्याला दोष देता येत नाही. तो एकटा असतो, दूरध्वनी खणखणत असतो, खिडकीपुढे गर्दी असते. परंतु नियमाने तीन भाषांत बोलणारे स्थानक नेमके संकटाच्या तासाला एकभाषी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याचा परिणाम कोणावर होतो? शिकलेला, मोबाइल हाताळणारा प्रवासी कसाबसा मार्ग काढतो. तरीही घाटात अनेक ठिकाणी मोबाइल चालत नाही. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून गोव्याला कामाला जाणारी बाई, मुलाकडे निघालेले म्हातारे जोडपे, पहिल्यांदाच प्रवास करणारा मजूर, यांचे काय? ते शेजाऱ्याला विचारतात. शेजारी अर्धवट ऐकलेले सांगतो. त्यातून अफवा उठते, माणसे रुळांवर उतरतात, नको त्या गाडीत चढतात.

मागणी हक्काची आणि सोयीचीही

येथे कोणी म्हणेल, हा सीमाप्रश्न मागच्या दाराने आणणे आहे. तसे नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचे जे व्हायचे ते न्यायालयात होईल. प्रवासी तोवर थांबू शकत नाही. राज्य कोणाचे, हा वाद वेगळा आणि फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला धोका कळला की नाही, हा प्रश्न वेगळा.

शिवाय तत्त्व जुनेच आहे. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासंबंधी जे निवेदन काढले, त्यात ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही छापाव्यात, असे सुचवले होते. बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषकांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार १५ टक्क्यांहून अधिक आहे. ते निवेदन राज्यांच्या कारभारापुरते होते, हे खरे. पण जे शहाणपण तहसील कचेरीच्या सूचनाफलकाला लागू पडते, ते जिवाशी संबंध असलेल्या सूचनेला लागू पडू नये काय?

हाच न्याय उलट्या बाजूनेही लावला पाहिजे, नाहीतर आपली मागणी लंगडी ठरेल. अथणी, रायबाग भागातून उपचारासाठी मिरजेला येणारा कन्नड भाषक रुग्ण आणि त्याचे नातेवाईक पुरात मिरज स्थानकावर अडकले, तर त्यांना कन्नडमधून माहिती मिळालीच पाहिजे. सोलापूरलाही तेच. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय व्यवहारात स्थान मिळाले. तेथील स्थानकांनी दोहोंचा विचार करावा. एकाच्या भाषेला जागा दिल्याने दुसऱ्याची भाषा उणी होत नाही.

करता येण्याजोगे

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. संकटकाळी लागणारी वाक्ये मोजकीच असतात. मार्ग बंद आहे, गाडी मागे फिरेल, गाडी दुसऱ्या मार्गाने जाईल, डब्यातच बसून राहा, रुळांवर उतरू नका, बस अमुक ठिकाणी आहेत, पाणी आणि जेवण अमुक ठिकाणी मिळेल, तिकिटाचे पैसे असे परत मिळतील. ही दहा-बारा वाक्ये बेळगाव, खानापूर, लोंढा, कॅसलरॉक, कुळे, मडगाव आणि मिरज या स्थानकांसाठी कन्नड, मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवता येतील. वीज गेली तर तीच वाक्ये लिहिलेले फलक हाताशी असावेत. पावसाळ्यात घाटातून जाणाऱ्या गाड्यांवर मराठी जाणणारा निदान एक कर्मचारी असावा. गाडी वळवली, तर तिच्यात कोणत्या मुलखातले प्रवासी आहेत हे पुढच्या रेल्वेला कळवावे. आणि प्रत्येक घोषणेच्या शेवटी पुढची माहिती किती वाजता दिली जाईल, ते सांगावे. सांगण्यासारखे नवीन काही नसेल तर तसेच सांगावे. एवढ्यानेही अर्धी भीती ओसरते.

हे अशक्य आहे, असे रेल्वेला म्हणता येणार नाही. २०२१ साली १३९ हा एकच मदत क्रमांक जाहीर झाला, तेव्हा तो बारा भाषांत उपलब्ध असल्याचे रेल्वेनेच सांगितले होते. दूरध्वनीला बारा भाषा जमतात, तर फलाटावरच्या ध्वनिक्षेपकाला चौथी भाषा जड का व्हावी?

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घाटातील नाले साफ होतात, सैल झालेले दगड काढले जातात, रुळांवर गस्त घालणारे कामगार नेमले जातात. हे काम जिवावर उदार होऊन करणाऱ्यांविषयी आदरच वाटतो. त्याच तयारीच्या यादीत घोषणांची भाषा ही एक बाब वाढवावी, एवढीच मागणी आहे. आपल्या लोकप्रतिनिधींनी आणि प्रवासी संघटनांनी ती हुबळीला आणि पुढे दिल्लीला लावून धरावी. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कधीतरी दरड कोसळेल. त्या वेळी लोंढ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय झाले ते शेजाऱ्याला विचारावे लागू नये.