चिठ्ठीवर विळा काढा

बोदलकशाकडे विळ्याने धान कापतात, आपल्याकडे ज्वारी. सिकलसेल या रोगाचं नावही विळ्यावरूनच पडलं. गोंदिया-गडचिरोलीत हा रोग जुना. रुग्णाच्या हाती मात्र ‘एसएस’ लिहिलेली चिठ्ठी पडते. अर्थ कळत नाही आणि घरात बोल लागतो सुनेला.

इथे पेन्सिल कामी येते. गोल रक्तपेशी काढा : ती बारीक नळीतून सरकते, सुमारे 120 दिवस जगते. विळ्यासारखी काढा : ती अडकते, म्हणून हाडं ठणकतात; 10-20 दिवसांत मरते, म्हणून रक्त कमी पडतं. खाली आई-बाप काढा, दोघांपुढे एकेक विळा. ते स्वतः धडधाकट, पण दोघांचेही विळे ज्या पोराच्या वाट्याला आले ते आजारी. दर बाळंतपणाला हा धोका चारात एक. बापाचा विळा चित्रात लपत नाही. मग दोष एकट्या सुनेचा कसा?

2023 साली केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तपासणी जरूर करा; पण डॉक्टरकडे चित्रही मागा. कपाशीच्या बियाण्याची पिशवी दहादा उलटून पाहणाऱ्यांनी रोगाची चिठ्ठी न समजता खिशात घालू नये.