विश्लेषण : मालवणच्या समुद्रात नियम फक्त मच्छीमारांनाच का?

सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीतून निघालेल्या पर्यटकाला आपण अभयारण्यात शिरलो, हे बहुधा कळतही नाही. जंगलाला फाटक असते, नाका असतो. पाण्यावर हद्दीची रेघ कुठून दिसणार? मालवण सागरी अभयारण्य मात्र १९८७ मध्येच अधिसूचित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा गाभा. किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडालेले खडक या गाभ्यातच येतात. स्नॉर्कलिंग आणि स्कूबाची गर्दीही किल्ल्याच्याच आसपास.

नुकसान नेमके कसे होते?

प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे. ती सूक्ष्म जिवांची वसाहत असते आणि त्यांच्या शरीरातले शेवाळ उन्हावर अन्न तयार करते. गोलाकार वाढणारे काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. वीतभर उंचीला वीसेक वर्षे लागतात. ती मोडायला एक लाथ किंवा एक नांगर पुरतो. पायाने उडालेली वाळू प्रवाळावर बसली, तर ऊनही अडते. फोटोसाठी पाव टाकून मासे जमवणे निरुपद्रवी वाटते, पण त्याने माशांचे नैसर्गिक खाणे बिघडते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पर्यटनासाठीही अभयारण्यात परवानगी लागते आणि अधिवासाची नासधूस हा गुन्हा आहे. प्रवाळांना २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण आहे.

तरीही अभयारण्याचा वाद गेली साडेतीन दशके मच्छीमारांभोवतीच फिरतो. मासेमारीवर बंधने येतील, या धास्तीने त्यांनी सुरुवातीपासून विरोध केला आणि ती धास्ती अनाठायी नव्हती. ज्याचे पोट या पाण्यावर आहे त्याला त्याग सांगायचा आणि सुट्टीवर आलेल्याला मोकळे रान द्यायचे, हा कुठला न्याय? त्यात आता पर्यटनावर जगणारी कुटुंबेही अनेकदा मच्छीमारांचीच. म्हणजे प्रवाळ गेले तर फटका पुन्हा त्यांनाच.

बंदी हा उपाय नाही. पोहता न येणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो. त्याचे पाय कुठे टेकणार, हे प्रशिक्षकाच्याच हाती असते. म्हणून खरा भर त्याच्या प्रशिक्षणावर हवा. होड्यांना नांगर टाकावा लागू नये, यासाठी तळाशी पक्के बांधलेले बोये हवेत. एका वेळी पाण्यात किती जण, याची मर्यादा हवी आणि ती भर दिवाळीच्या गर्दीतही पाळली जायला हवी. पर्यटकाने पैसे भरण्यापूर्वी एवढे तरी विचारावे : होडी कुठे बांधणार आणि परवाना आहे का?