खुली लिपी, बंद अक्षरे

वारजे : वारजे माळवाडीसारख्या उपनगरात जुन्या फॉन्टवर काम करणाऱ्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात मोबाईलवरून लग्नपत्रिकेचा मजकूर पाठवला, तर तो जसाच्या तसा वापरता येत नाही. तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो आणि त्यात रफार, जोडाक्षरे इकडची तिकडे होतात. गैरसोय किरकोळ वाटते. तिचे मूळ मात्र तंत्रज्ञान खुले ठेवावे की बंद, या जुन्या निवडीत आहे.

ही निवड बव्हंशी पुण्यातच झाली. १९८८ मध्ये येथे स्थापन झालेल्या सी-डॅकच्या 'जिस्ट' तंत्रज्ञानाने आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'ने मराठी छपाई संगणकावर आणली. परंतु त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत आणि ही मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी असे. तो विशिष्ट फॉन्ट नसेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसे. ग्राहक एकदा आत आला की बाहेर पडणे कठीण. अर्थात, केवळ कंपन्यांना दोष देणे अन्याय्य ठरेल. बाजारपेठ लहान, त्यात चोरून वापरणारे उदंड. अशा स्थितीत भांडवल घालणारा आपली किल्ली आपल्याकडेच ठेवणार.

वस्तुतः खुली वाट तेव्हाही होती. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले. त्याच्याच १९८८ च्या आराखड्यावरून युनिकोडमधील देवनागरीची रचना झाली. पुढे 'विंडोज २०००'मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली आणि प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक मिळाला.

येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. अक्षराचा क्रमांक कोणाच्याही मालकीचा असता कामा नये. अक्षराचे वळण मात्र विकायला हरकत नाही, ते कारागिराचे श्रम आहेत. खुले म्हणजे फुकटात घडलेले नव्हे. 'लोहित' हा मुक्त फॉन्ट सर्वांना मिळाला, कारण त्याच्यामागे 'रेड हॅट'सारखी कंपनी उभी होती. लहान अक्षरकाराने असे औदार्य दाखवावे, ही अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याआधी, २०२२ मध्ये, पुण्याच्या 'एल३क्यूब' गटाने 'महाबर्ट' हे मराठीचे संगणकीय प्रारूप सर्वांसाठी खुले केले. अशा प्रारूपांचे खाद्य म्हणजे वाचता येणारा मजकूर. युनिकोडपूर्व काळातील पुस्तके, स्मरणिका, संस्थांचे अहवाल यांच्या मूळ फाइली मात्र जुन्या फॉन्टमध्येच आहेत. त्या शोधयंत्राला सापडत नाहीत आणि प्रारूपालाही उमगत नाहीत. त्या अचूक उलगडायच्या तर त्या त्या फॉन्टची आतील मांडणी हवी. ती खुली करण्यात आता कंपन्यांचा व्यापारी तोटा फारसा उरलेला नाही. राज्य सरकारने योग्य मोबदला देऊन ती मिळवली, तर हे काम मार्गी लागू शकते. फाइली ज्यांच्याकडे आहेत ते मुद्रक निवृत्तीला आले आहेत, आणि सीडी फार काळ टिकत नाहीत.